जुने वाडे, विहिरी, देवळे : नागपूर शहर व जिल्ह्यातील जतनाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाल, इतवारी, कामठी, रामटेक, उमरेड, काटोल येथून आमच्या लहानशा गटाकडे सतत येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. आम्ही वकील नाही आणि सरकारी अधिकारीही नाही. गेली काही वर्षे जुन्या इमारतींच्या मालकांसोबत कार्यालयांत खेटे घातल्यामुळे आणि मिस्त्र्यांसोबत भिंतीपाशी उभे राहिल्यामुळे जे कळले, ते येथे लिहिले आहे. न्यायालयात जाण्याची वेळ आल्यास वकिलाचा सल्ला अवश्य घ्यावा.

१. आमचे घर शंभर वर्षांपेक्षा जुने आहे. म्हणजे ते आपोआप ‘हेरिटेज’ ठरते का?

नाही. सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न हाच आहे आणि सर्वांत जास्त गैरसमजही याच प्रश्नाभोवती आहे. प्राचीन स्मारके आणि पुरातत्त्वीय स्थळे व अवशेष अधिनियम, १९५८ या केंद्रीय कायद्यातील व्याख्येत शंभर वर्षांची अट आहे, परंतु शंभर वर्षे पूर्ण होणे ही केवळ पात्रता आहे. सरकारने अधिसूचना काढून स्मारक संरक्षित घोषित केल्याशिवाय कायद्याचे संरक्षण लागू होत नाही. जुनी वास्तू चारपैकी एका खणात बसते. ती केंद्र संरक्षित असते, म्हणजे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे. किंवा राज्य संरक्षित असते, म्हणजे १९६०च्या राज्य कायद्याखाली पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे. किंवा महानगरपालिका अथवा नगरपरिषदेच्या वारसा यादीत असते. किंवा कोठेही नसते. आमच्या अनुभवात विचारणा करणाऱ्या बहुतेकांचे घर चौथ्या खणात असते. त्यात वाईट वाटण्यासारखे काही नाही, कारण चांगली डागडुजी करण्यासाठी कोणत्याही यादीची गरज लागत नाही.

२. आमची वास्तू यापैकी कोणत्या खणात आहे, हे कसे शोधावे?

केंद्र संरक्षित स्मारकांची यादी प्रसिद्ध आहे आणि सर्वेक्षणाचे मंडळ कार्यालय नागपुरातच आहे. राज्य संरक्षित स्मारकांसाठी पुरातत्त्व विभागाच्या नागपूर येथील सहायक संचालकांचे कार्यालय आहे. शहरातील वारसा यादीसाठी महानगरपालिकेच्या नगररचना विभागात विचारावे. नागपूर हेरिटेज संवर्धन समितीचे कामकाज महानगरपालिकेच्याच माध्यमातून चालते. तोंडी उत्तरावर विसंबू नये, लेखी उत्तर मागावे. ते मिळत नसल्यास माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करावा. २००५च्या कायद्यानुसार माहिती अधिकाऱ्याला तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते.

अर्जात इमारतीचे प्रचलित नाव लिहून थांबू नये. ‘मोठा वाडा’ हे नाव एकेका मोहल्ल्यात तीन वाड्यांना असते. आखीव पत्रिकेवरील (प्रॉपर्टी कार्डवरील) नगर भूमापन क्रमांक आणि शीट क्रमांक लिहिल्यास उत्तर टाळणे कठीण जाते. १९५६पर्यंत नागपूर जुन्या मध्य प्रदेशात (आधीचे नाव मध्यप्रांत) होते, त्यामुळे आजोबांच्या काळातील कागद हिंदीत किंवा इंग्रजीत असणे आणि त्यावर मध्यप्रांताचे शीर्षक असणे स्वाभाविक आहे. असे कागद ‘दुसऱ्या राज्याचे’ म्हणून बाजूला ठेवू नयेत. पुष्कळदा बांधकामाचा सर्वांत जुना पुरावा त्यांतच सापडतो.

३. श्रेणी १, २ आणि ३ म्हणजे नेमके काय?

या श्रेणी स्थानिक वारसा यादीतील आहेत. त्यांचा आधार १९६६चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम आणि त्याखालील विकास नियंत्रण नियमावली हा आहे. भारतात अशी नियमावली प्रथम १९९५मध्ये मुंबईसाठी लागू झाली आणि पुढे इतर शहरांनी तो आराखडा स्वीकारला. श्रेणी १ मधील वास्तूत इमारतीला बळकटी देण्यासाठी किंवा तिचे आयुष्य वाढवण्यासाठी आवश्यक असेल तेवढाच हस्तक्षेप करता येतो, तोही बाहेरून आणि आतून दोन्हीकडे मर्यादित. श्रेणी २ मध्ये अंतर्गत बदल आणि नवा वापर यांना वाव असतो, मात्र बाह्यरूप बदलायचे असल्यास कडक छाननी होते. श्रेणी ३ मध्ये बाहेरचे बदलही शक्य असतात. परिसराचे रूप आणि उंची यांना बाध येऊ नये, एवढी अपेक्षा असते.

नागपुरातील ओळखीची उदाहरणे द्यायची तर झिरो माइलचा स्तंभ आणि कस्तुरचंद पार्क हे दोन्ही श्रेणी १ मध्ये आहेत. कस्तुरचंद पार्क हे मैदान आहे, ही गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते, कारण वारसा म्हणजे भिंत आणि छप्पर असा समज आपल्याकडे पक्का आहे. मोकळी जागा, तलाव, घाट, झाडांची रांग, हे सारे यादीत येऊ शकते.

४. यादीत नाव आले तर घर विकता येत नाही, असे शेजारी सांगतात. ते खरे आहे का?

स्थानिक यादीत नाव आल्याने मालकी जात नाही आणि विक्रीवर बंदीही येत नाही. बंधन येते ते पाडकामावर, बदलांवर आणि नव्या बांधकामावर. त्या मोबदल्यात न वापरता आलेल्या चटईक्षेत्रापोटी हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे टीडीआर, मिळण्याची तरतूद नियमावलीत आहे. प्रत्यक्षात किती मिळेल, ते प्रत्येक प्रकरणात वेगळे ठरते.

नागपुरात विक्री अडते ती वेगळ्याच कारणांनी. महाल आणि सीताबर्डी परिसरातील अनेक भूखंड नझूलचे, म्हणजे शासकीय मालकीचे, आहेत, आणि भाडेपट्ट्याच्या अटी, नूतनीकरण व हस्तांतरणाची परवानगी हे सर्व जिल्हाधिकारी कार्यालयाशी संबंधित असते. देवस्थान किंवा सार्वजनिक न्यासाची मालमत्ता असल्यास १९५०च्या सार्वजनिक न्यास कायद्यानुसार धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. वारसा यादी नसती तरी ही दोन्ही बंधने होतीच. परंतु सौदा फिसकटला की दोष यादीला दिला जातो, कारण तेवढेच सर्वांना ठाऊक असते.

५. आमच्या गल्लीतील वास्तूचे नाव यादीत घालायचे असल्यास काय करावे?

नगररचना विभागाकडे लेखी सूचना द्यावी. सोबत स्थाननकाशा, आखीव पत्रिका, चारही बाजूंची छायाचित्रे आणि वास्तूचे महत्त्व सांगणारी दोन पानांची टिप्पणी जोडावी. यादीत बदल करताना नोटीस प्रसिद्ध करून हरकती व सूचना मागवाव्या लागतात, आणि त्या काळात मालकाने हरकत घेतली की पुष्कळ प्रस्ताव तेथेच थांबतात. म्हणून आमचा आग्रह असा, की अर्ज करण्यापूर्वी मालकाच्या ओसरीवर बसून बोलावे. आपल्या पाठीमागे कोणी आपल्या घराचा अर्ज दिला, हे कळल्यावर घरातील कर्ता माणूस महिन्याभरात पाडकामाचा ठेकेदार बोलावतो, असे आम्ही दोनदा पाहिले आहे. दोन्ही वेळा चूक घाई करणाऱ्यांची होती, आणि त्यांपैकी एकदा घाई करणारे आम्हीच होतो.

६. आमचे गाव नगरपरिषदेचे आहे आणि तेथे वारसा समितीच नाही. मग कोणाकडे जावे?

डिसेंबर २०२०पासून लागू झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत वारसा जतनाची तरतूद आहे आणि ती केवळ मोठ्या शहरांपुरती नाही. मात्र नियमावलीत तरतूद असणे आणि गावात प्रत्यक्ष यादी असणे यांत मोठे अंतर आहे. लहान गावात मुख्याधिकाऱ्यांना निवेदन देऊन नगरपरिषदेच्या सभेत ठराव करून घेणे, आणि त्याची प्रत नगररचना विभागाच्या जिल्हा कार्यालयाला पाठवणे, हा मार्ग आम्हाला सर्वांत उपयोगी वाटला आहे. ठरावाने कायद्याचे संरक्षण मिळत नाही. परंतु पुढे रस्ता रुंदीकरणाचा किंवा व्यापारी संकुलाचा प्रस्ताव आला, तर ‘ही वास्तू महत्त्वाची असल्याचे आम्हाला माहीत नव्हते’ असे कोणालाही म्हणता येत नाही.

७. स्मारकाजवळ आमचा भूखंड आहे. शंभर मीटर आणि दोनशे मीटर हा काय प्रकार आहे?

हा नियम केंद्र संरक्षित स्मारकांसाठी आहे. १९५८च्या कायद्यात २०१०मध्ये झालेल्या सुधारणेनुसार संरक्षित क्षेत्राच्या हद्दीपासून शंभर मीटरपर्यंत प्रतिबंधित क्षेत्र असते आणि तेथे नवे बांधकाम करता येत नाही; त्यापुढील दोनशे मीटर विनियमित क्षेत्र असते आणि तेथे परवानगी घेऊन बांधकाम करता येते. अंतर स्मारकाच्या मध्यापासून मोजायचे नसून संरक्षित क्षेत्राच्या हद्दीपासून मोजायचे असते. येथेच लोकांची फसगत होते, कारण हद्द म्हणजे देवळाची भिंत नव्हे, तर अधिसूचनेत नमूद केलेली जमीन होय.

प्रतिबंधित क्षेत्रात आधीपासून असलेल्या घराची दुरुस्ती करता येते, मात्र त्यासाठीही सक्षम प्राधिकाऱ्यामार्फत अर्ज करून परवानगी घ्यावी लागते. ‘दुरुस्ती’ म्हणून मजला चढवणे हा प्रकार पुष्कळ ठिकाणी चालतो आणि पुढे तोच अंगाशी येतो. राज्य संरक्षित स्मारकांचा कायदा वेगळा असल्यामुळे हीच अंतरे तेथे लागू आहेत असे गृहीत धरू नये. प्रश्न २ मध्ये सांगितल्याप्रमाणे लेखी विचारावे.

८. शेतात दगडांची गोल रांग आहे. वखर अडतो म्हणून ते दगड काढून टाकले तर चालतील का?

कृपया काढू नका, निदान आम्हाला किंवा पुरातत्त्व विभागाला दाखवल्याशिवाय तरी नको. नागपूरभोवतीच्या माळरानांवर लोहयुगातील शिळावर्तुळे मोठ्या संख्येने आहेत. मोठ्या गोट्यांचे वर्तुळ आणि आत दगडमातीचा उंचवटा, अशी ही दफनस्थळे आहेत. जुनापाणी येथील वर्तुळे केंद्र संरक्षित असून तेथील काही दगडांवर वाटीसारखे खळगे कोरलेले दिसतात. माहुरझरीच्या उत्खननात घोड्यांचे अवशेष आणि घोड्याच्या मस्तकावर बसवण्याचे तांब्याचे अलंकार मिळाले. त्याच गावाच्या परिसरात अकीक आणि कार्नेलियन या रंगीत दगडांचे मणी घडवले जात असत. म्हणजे तुमचा वखर ज्या दगडाला अडतो, त्याच्याखाली सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी घोड्यावर बसणारा माणूस असू शकतो.

वर्तुळ अधिसूचित नसेल तर शेतकऱ्यावर कायद्याचे बंधन जवळपास नाही, हे आम्ही लपवत नाही. अडचण खरी असते. पाच मीटर व्यासाचे वर्तुळ सोडले की दोन तास, म्हणजे पेरणीच्या दोन ओळी, कमी होतात आणि उभ्या पिकात वळणे घ्यावी लागतात. काही शेतकरी वर्तुळाचा धुऱ्यासारखा उपयोग करतात आणि तेथे आंब्याचे किंवा मोहाचे झाड राखतात. नवीन झाड मात्र वर्तुळाच्या आत लावू नये, कारण मुळे खालचा थर विस्कटतात.

९. भिंतीला ओल येते. मिस्त्री म्हणतात, सिमेंटचे प्लास्टर करून टाकू. करावे का?

करू नये. या पानावरील इतर कोणतेही उत्तर वाचले नाही तरी चालेल, परंतु हे वाचावे. कारण वाड्यांचे आमच्या डोळ्यांसमोर झालेले सर्वाधिक नुकसान पाडकामाने झालेले नसून सिमेंटच्या पोत्याने झाले आहे.

जुनी भिंत माती, पातळ विटा आणि चुन्याची असते. तिच्या पायात ओलावा रोखणारा थर नसतो, त्यामुळे जमिनीतील पाणी थोडेफार वर चढणारच. चुन्याचा गिलावा सच्छिद्र असल्यामुळे ते पाणी वाफ होऊन बाहेर जाते आणि भिंत पुन्हा कोरडी होते. सिमेंटचा गिलावा ही वाट बंद करतो. मग पाणी भिंतीतच अडकते, आणखी वर चढते, आणि त्यासोबत आलेले क्षार विटेच्या आत गोठून तिला फोडतात. यालाच आपण भिंतीला लोणा लागला म्हणतो. पहिली दोन वर्षे सिमेंट छान दिसते. तिसऱ्या पावसाळ्यानंतर ते पत्र्यासारखे सुटते, आणि सुटलेला तुकडा उलटा करून पाहिला तर मागे विटेचे कवच चिकटलेले आढळते. म्हणजे गिलावा पडला असे आपण म्हणतो खरे, पण पडते ती भिंत.

ओल आली की आधी पाण्याचा शोध घ्यावा. पन्हाळी फुटली आहे का, अंगणाचा उतार भिंतीकडे आहे का, रस्त्याचे वारंवार डांबरीकरण होऊन जोत्यापेक्षा रस्ता उंच झाला आहे का, हे पाहावे. महालातील एका वाड्यात तीन वेळा प्लास्टर केल्यावर असे लक्षात आले, की शेजारच्या बोळातील गटाराचे पाणी जोत्यात मुरत होते. गटार दुरुस्त केल्यावर भिंत एका उन्हाळ्यात वाळली. त्यापूर्वी तीन प्लास्टरांवर झालेला खर्च मालकांनी आम्हाला सांगितला नाही आणि आम्हीही विचारला नाही.

१०. आता चुना करणारे कारागीर कोठे आहेत? आणि चुन्याचे काम कसे होते?

कारागीर कमी आहेत, पण संपलेले नाहीत. पान-तंबाखूच्या चुन्याने मात्र हे काम होत नाही. कळीचा चुना आणावा. आपल्याकडे कटनीकडचा चुना ओळखीचा आहे. तो टाकीत विरवून किमान काही आठवडे पाण्याखाली भिजत ठेवावा. विरवताना पाण्यात चुना टाकावा, चुन्यावर पाणी ओतू नये. तो उकळतो आणि उसळतो, त्यामुळे डोळ्यांना चष्मा आणि हातांना मोजे असावेत, आणि लहान मुलांना जवळ फिरकू देऊ नये. मग तो गाळून एका भागास दोन ते तीन भाग वाळू किंवा सुरखी घालून मळावा. सुरखी म्हणजे कमी भाजलेल्या विटांची भुकटी. तिच्यामुळे ओलसर जागीही चुना धरतो. पूर्वी हे मिश्रण बैलांच्या घाणीत दळत असत, आणि त्यात गूळ, बेलफळाचा गर, मेथीचे पाणी घालण्याची रीत होती. हे घटक उपयोगी आहेत, परंतु त्यांभोवती जे गूढ निर्माण झाले आहे त्याला आधार नाही. चांगला भिजलेला चुना, स्वच्छ वाळू आणि घाई न करणे, एवढ्यावर नव्वद टक्के काम होते.

चुना हवेतील कर्बवायू घेऊन हळूहळू घट्ट होतो आणि त्यासाठी तो काही दिवस ओलसर राहावा लागतो. नागपूरच्या मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो, तेव्हा गिलावा सकाळी लावला की दुपारी भेगाळतो. म्हणून दिवाळीनंतर सुरुवात करून माघापर्यंत काम आटोपावे आणि भिंतीवर ओले गोणपाट टांगावे. ठेकेदार मार्च अखेरीस निधी संपवण्यासाठी काम सुरू करतात. सरकारी डागडुजी का टिकत नाही, याचे अर्धे उत्तर तेथे आहे.

११. सागवानी खांब, तुळया आणि कवेलू (कौले) यांची काळजी कशी घ्यावी?

खांब वरून पाहू नये, पायाशी बसून पाहावा. उमरेडकडील एका घरात ओसरीचे चार सागवानी खांब वरून काळेभोर, तेलकट आणि अगदी ठणठणीत दिसत होते. पूर्वी ते दगडी उथळ्यावर उभे होते. नंतर फरशी बसवताना उथळे सिमेंटात गाडले गेले आणि खांबाचा तळचा वीतभर भागही त्यात बुजला. आम्ही लाकडी मोगरीने वरून खाली ठोकत आलो. वर खणखणीत आवाज येत होता, गुडघ्याच्या उंचीवर तो जड झाला आणि फरशीजवळ भोपळ्यावर ठोकल्यासारखा वाटला. फरशी फोडली तेव्हा आत लाकूड नव्हते, ओलसर भुगा होता. सागवान वाळवीला दाद देत नाही हे खरे, पण सतत ओले राहिलेले सागवान कुजते आणि मग वाळवीलाही चालते.

अशा वेळी संपूर्ण खांब बदलण्याची गरज नसते. वरचा भार टेकूंवर घेऊन कुजलेला तळ कापावा, जुन्याच सागवानाचा तुकडा सांध्याने जोडावा आणि उथळा पुन्हा जमिनीच्या वर आणावा. हे काम अनुभवी सुताराचेच आहे. टेकू कोणी दिले हे विचारल्याशिवाय खांबाखाली बसू नये.

कवेलूंच्या बाबतीत नियम साधा आहे. दरवर्षी मृगापूर्वी छप्पर चाळून घ्यावे, फुटके कवेलू बदलावेत आणि पाला काढावा. गावठी कवेलू मिळेनासे झाले म्हणून लोक टिनाचे पत्रे टाकतात. पत्रा टाकावाच लागला तर जुने कवेलू विकू नयेत, मागच्या पडवीत रचून ठेवावेत. शेजारच्या पडक्या घराचे कवेलू हीच आता खरी खाण आहे.

१२. जुनी मूर्ती किंवा शिलालेख मळलेला आहे. धुऊन रंग द्यावा का?

रंग देऊ नये, आम्ल लावू नये, तारेच्या ब्रशने घासू नये. याबाबत आम्ही शहाणपण शिकवण्याच्या स्थितीत नाही. सुरुवातीच्या वर्षी एका घाटावरील लेख ‘स्पष्ट दिसावा’ म्हणून आम्ही श्रमदानात तो तारेच्या ब्रशने घासला. तेव्हा टाळ्या पडल्या. नंतर जुनी छायाचित्रे काढून पाहिली तर दोन अक्षरांच्या मात्रा आमच्या घासण्यात गेल्या होत्या. त्या आता परत येणार नाहीत. मऊ कुंचला आणि साधे पाणी यापलीकडे काहीही करायचे असल्यास संवर्धन रसायनतज्ज्ञाला बोलवावे. लेख वाचायचा असल्यास रात्री बाजूने तिरपा बॅटरीचा झोत टाकून छायाचित्र घ्यावे. घासण्यापेक्षा जास्त वाचता येते.

१३. गावातील बावडी साफ करायची आहे. परवानगी कोणाची, आणि धोका कोणता?

आधी विहीर कोणाची ते पाहावे. आपल्या भागात तलाठ्याकडील निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज या नोंदींत गावकऱ्यांचे पाण्यावरचे व वाटेवरचे सामाईक हक्क लिहिलेले असतात. मालगुजारांच्या (जमीनदारांच्या) काळातील तलाव १९५०च्या मालकी हक्क निर्मूलन कायद्यानंतर शासनाकडे आले. विहिरींबाबत मात्र प्रत्येक ठिकाणी नोंद तपासावीच लागते. रामटेकच्या गडाखालील कपूर बावडीसारखी प्रसिद्ध वास्तू असल्यास पुरातत्त्व विभागाला विचारल्याशिवाय गाळाला हात लावू नये, कारण त्यात शिल्पांचे तुकडे असतात.

धोक्याविषयी स्पष्ट सांगतो. खोल आणि बंद विहिरीत प्राणवायू कमी असू शकतो. पेटता कंदील सोडून केलेली परीक्षा पुरेशी नाही. डिझेलचे इंजिन विहिरीच्या आत किंवा काठाशी चालवू नये. त्याचा धूर खाली बसतो आणि माणूस न ओरडताच कोसळतो. कोणी आत कोसळला तर त्याच्यामागे दोरीशिवाय उडी घेऊ नये. अग्निशमन दलाला बोलवावे.

१४. पाया खोदताना नाणी किंवा मूर्ती सापडली तर?

काम थांबवावे आणि जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे. १८७८चा निखात निधी अधिनियम आजही लागू आहे आणि जमिनीत दडलेला दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडल्यास कळवणे त्यानुसार बंधनकारक आहे. दहा रुपयांचा आकडा हास्यास्पद वाटतो, पण तो तसाच राहिला आहे. मूर्ती, शिल्प किंवा ताम्रपट यांची विक्री व निर्यात १९७२च्या पुरावशेष कायद्याच्या कक्षेत येते. तेथे सामान्यतः शंभर वर्षांची अट असून हस्तलिखितांसाठी ती पंचाहत्तर वर्षांची आहे.

सापडलेली वस्तू धुऊ नये, जागेवरून हलवण्यापूर्वी छायाचित्र घ्यावे. २०१८मध्ये कस्तुरचंद पार्कवर खोदकामात जुन्या तोफा निघाल्या, त्या शहराच्या मधोमध असलेल्या मैदानात. तेव्हा ‘आमच्या प्लॉटवर काय निघणार’ असे कोणी म्हणू नये.

१५. पालिकेने ‘धोकादायक इमारत’ म्हणून नोटीस दिली आहे. आता पाडावेच लागेल का?

नोटीस नीट वाचावी. दुरुस्ती करा, रिकामी करा, पाडा, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पुष्कळ नोटिसांत पहिला पर्यायही दिलेला असतो. मुदतीच्या आत संरचना अभियंत्याचा अहवाल सादर करावा, आणि तो अभियंता विटा-चुन्याच्या व लाकडी सांगाड्याच्या इमारतीचा अनुभव असलेला असावा, कारण केवळ काँक्रीट जाणणाऱ्याला प्रत्येक जुनी भिंत धोकादायकच दिसते. तोवर धोका खरा असेल तर माणसे बाहेर काढावीत. वास्तू वारसा यादीत असल्यास तसे उत्तरात ठळकपणे लिहावे आणि समितीलाही प्रत द्यावी.

१६. भाडेकरू दुरुस्ती करू देत नाहीत. किंवा मालक दुरुस्ती करत नाहीत. काय करावे?

दोन्ही बाजूंची पत्रे आम्हाला सारख्याच संख्येने येतात, कधी कधी एकाच वाड्यातून. १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात दुरुस्तीची जबाबदारी प्रथमतः मालकावर आहे आणि भाडेकरूला नोटीस देऊन दुरुस्ती करून घेण्याचा मार्गही आहे. तपशील वकिलाकडून समजून घ्यावा.

१७. देवळाचा जीर्णोद्धार करताना ग्रॅनाइट आणि टाइल्स लावण्यास हरकत आहे का?

संरक्षित देऊळ असल्यास परवानगीशिवाय काहीही लावता येत नाही. संरक्षित नसल्यास निर्णय विश्वस्तांचा. नाराजी ओढवून घेऊनही आमचे मत सांगतो. गाभाऱ्याला चकचकीत टाइल्स लावणे ही भक्ती आहे हे आम्हाला मान्य आहे, पण टाइल्समागे भिंतीचे तेच होते जे प्रश्न ९ मध्ये लिहिले आहे, आणि ते दिसत नसल्यामुळे उशिरा कळते. देणगीदाराचे नाव कोरायचे असल्यास स्वतंत्र शिळा अंगणात उभारावी. ऐपतदार भक्ताला ‘छपराची गळती तुमच्या नावे’ असे सुचवून पाहावे; एका विश्वस्त मंडळाला यात यश आले.

१८. यासाठी पैसे कोठून मिळतात?

खासगी घराला थेट अनुदान मिळण्याची शक्यता फार कमी आहे. हे आधीच सांगितलेले बरे. राज्य संरक्षित स्मारकांसाठी ‘महाराष्ट्र वैभव’ ही संगोपन योजना आहे, ज्यात संस्था किंवा कंपनी स्मारकाची देखभाल स्वीकारू शकते. सार्वजनिक वास्तूसाठी जिल्हा नियोजन समितीचा निधी मागता येतो. इंटॅक या १९८४मध्ये वारसा जतनासाठी स्थापन झालेल्या संस्थेची नागपूर शाखा आहे. तिच्याकडून पैशापेक्षा सल्ला मिळतो, आणि पुष्कळदा गरज त्याचीच असते.

१९. सर्व प्रयत्न करूनही वाडा पाडायचेच ठरले आहे. निदान काय करावे?

पाडणाऱ्या कुटुंबाला दोष देण्यात आम्हाला रस नाही. सात भावांच्या वाटण्या, गळणारे छप्पर आणि सोडून गेलेली मुले, हे आम्हीही पाहतो. तरीही आठवडाभर थांबून वाड्याची नोंद करून ठेवावी.

महालातील भोसल्यांचा राजवाडा काळ्या दगडाचा आणि कोरीव लाकडी कामाचा होता. तो १८६४मध्ये जळाला आणि मागे नगारखाना उरला. आत दालने कशी होती, याविषयी आज आपण अंदाजच बांधतो. आगीला थांबवता आले नसते, पण आपल्या घरच्या पाडकामाची तारीख आपल्याच हातात असते.

प्रत्येक खोलीची लांबी, रुंदी, उंची फीत लावून मोजावी आणि कागदावर कच्चा आराखडा काढावा. सुबक नसला तरी चालतो, मापे अचूक हवीत. देवडीपासून परसापर्यंत क्रमाने छायाचित्रे घ्यावीत आणि प्रत्येक छायाचित्रात मापाची पट्टी किंवा निदान फूटपट्टी उभी ठेवावी. खांब, दार, कोनाडा यांचे समोरून, तिरपे नव्हे, असे एक छायाचित्र घ्यावे. घरातील सर्वांत वडीलधाऱ्या व्यक्तीला खोल्यांमधून फिरवून कोठे काय होत असे ते विचारावे आणि त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवावे, कारण बाळंतिणीची खोली कोणती हे कोणत्याही नकाशावर लिहिलेले नसते. दारे-तुळया काढताना प्रत्येकावर खडूने नव्हे, तर ऑइल पेंटने क्रमांक टाकावा आणि तोच क्रमांक आराखड्यावर लिहावा. खडू पहिल्या पावसात जातो. भंगारवाल्याशी भाव ठरवण्यापूर्वी एकदा आम्हाला कळवावे. दुसऱ्या गावातील कोणाला तरी नेमक्या त्याच मापाची तुळई हवी असते.